वऱ्हाडातील बाष्पके आणि त्यांच्या मापाची भाषा

एखाद्या वसतिगृहास, रुग्णालयास किंवा रंगशाळेस पाणी तापविण्यासाठी बाष्पक घ्यावयाचे ठरले की पहिला प्रश्न निघतो तो 'केवढे घ्यावयाचे?' हा. या 'केवढे'चे उत्तर गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळ्या मापांनी दिले गेले आहे. कोणी घोडे मोजले, कोणी तापणाऱ्या पत्र्याचे चौरस फूट मोजले, कोणी तासाला निघणाऱ्या वाफेचे वजन मोजले. ही मापे एकामागून एक आली, पण मागचे माप पुढच्याने हद्दपार केले असे झाले नाही. ती सर्व एकाच वेळी व्यवहारात राहिली, आणि त्यांतील 'घोडा' या शब्दाला तर दोन अर्थ चिकटून बसले. त्या दोन अर्थांत सुमारे तेरा पटींचे अंतर आहे. प्रस्तुत लेखाचा विषय यंत्रशास्त्र हा नसून या शब्दांचा वऱ्हाडातील कापसाच्या धंद्याशी जडलेला इतिहास हा आहे. परंतु शब्दाचा अर्थ चुकला की माप चुकते, आणि माप चुकले की जळण व पैसा जातो. प्रसंगी माणसाचा जीवही जातो. म्हणून थोडी आकडेमोड टाळता येण्याजोगी नाही.

प्रथम यंत्राच्या नावांचा विचार करू. मराठीने वाफेच्या यंत्रांना पहिली नावे दिली ती आगीवरून. आगगाडी आणि आगबोट हे शब्द त्याचे साक्षी आहेत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरे ती भट्टीतील आग आणि वर जाणारा धूर. काम करणारी वाफ लोखंडाच्या पोटात दडलेली असे. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला असे सामान्यतः मानले जाते. तेथे त्याचा अर्थ पाणी खेचण्याचे वा फेकण्याचे यंत्र असा आहे. मराठीत त्याला दोन फाटे फुटले. एक बंब आग विझवितो, दुसरा पोटात आग घेऊन न्हाणीत उभा राहतो व पाणी तापवितो. 'बॉयलर', बोलण्यात 'बायलर', हा शब्द कारखान्यांबरोबर आला. 'बाष्पक' हा सर्वांत धाकटा, परिभाषेच्या टांकसाळीत घडलेला. राज्यातील या यंत्रांची तपासणी करणाऱ्या खात्याचे नाव 'बाष्पके संचालनालय' असे आहे. यांपैकी बंब पाणी तापवितो आणि बाष्पक पाण्याची वाफ करतो. हा भेद शब्दांत स्पष्ट असूनही व्यवहारात पुसला गेला आहे, आणि पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ बऱ्याच अंशी तेथे आहे.

बंबाचे माप विचारताना घरात कोणी घोड्याचे नाव काढले नाही. बंब दोन घागरींचा की चार घागरींचा, घरात आंघोळीची माणसे किती, आणि पहिल्याची आंघोळ झाल्यावर दुसऱ्यापर्यंत पाणी पुन्हा तापते की नाही, एवढेच पाहिले जाई. म्हणजे पाण्याचे परिमाण, माणसांची संख्या आणि वेळ या तिन्ही गोष्टी हिशेबात होत्या. चौथी गोष्ट म्हणजे उष्णतेची पातळी. तीसाठी भाषेत कोमट, ऊन, कढत अशी चढती शब्दपंक्ती होती, आणि त्यांना जोडणारा 'विसण' हा शब्द होता. कढत पाण्यात थंड पाणी मिसळून ते अंगास सोसवेल असे करणे म्हणजे विसण घालणे. थोडे पाणी जास्त तापवावे आणि विसण घालून ते पुरवावे, ही युक्ती चुलवणावर हंडा ठेवणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक होती. परटाची भट्टीही येथे आठवावी. खाली पाणी उकळत ठेवून वर रचलेल्या कपड्यांतून वाफ जाऊ द्यावयाची, अशी ती योजना होय. तीत वाफ होती, पण तिला कोंडलेले नव्हते. म्हणून भट्टीची भीती कोणास वाटत नसे.

दाब धरून वाफ कोंडणारे भांडे वऱ्हाडात आले ते न्हाणीसाठी वा परटासाठी नव्हे. ते आले कापसासाठी. इ. स. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला व येथील कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोचला. १८७० मध्ये जलंबहून खामगावास जाणारा फाटा लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. कापूस घरोघरी हाताच्या चरखीवर पिंजून-वटून पोत्यांत दडपणे आणि बैलगाड्यांनी महिनोन्‌महिने ओढणे या जुन्या व्यवस्थेस आता रेल्वेचा वेग मानवणारा नव्हता. सरकी वेगळी करणारे जिन आणि रुईची गठाण आवळणारे प्रेस ही दोन्ही वाफेवर चालू लागली. अमरावती, बडनेरा, अकोला, खामगाव, कारंजा येथे चिमण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर गावाची वेळ मोजली जाऊ लागली. दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हावा, उन्हाळ्यापर्यंत भट्टी धगधगावी आणि पावसाळ्यात बायलर थंड पडून राहावा, असा तो क्रम होता. जळण म्हणून लाकूड, कोळसा आणि जवळ असेल ती पऱ्हाटी. पऱ्हाटी भराभर पेटते, भराभर जळून जाते आणि जागा मात्र फार अडविते. तेव्हा भट्टीत सतत घालणारा माणूस हवा.

या धंद्यात सर्वत्र आढळणाऱ्या घडणी दोन होत्या. कॉर्निश बॉयलरच्या आडव्या लोखंडी नळकांड्यात आगीची एक नळी असते. लँकेशायर बॉयलरमध्ये अशा दोन नळ्या असतात, आणि त्याचे पेटंट विल्यम फेअरबर्न व जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये घेतले होते. ही भांडी अवजड, सावकाश तापणारी, परंतु दमदार असत. जिनवाल्यास त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे मुख्य दांडा फिरता ठेवणे. त्यामुळे बॉयलरचे मोल तो ज्या इंजिनास वाफ पुरवी त्या इंजिनाच्या ताकदीवरून ठरले. वीस घोड्यांचे इंजिन चालविणारा तो वीस घोड्यांचा बॉयलर. ही लक्षणा अगदी स्वाभाविक आहे. आपणही गाडीचे ओझे सांगताना 'दोन बैलांचे' म्हणतो.

परंतु या लक्षणेचा पुढचा प्रवास पाहण्याजोगा आहे. जेम्स वॉटने एका घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असे ठरविले. ते इंजिनाचे माप झाले. त्या काळच्या इंजिनांना एका घोड्यामागे तासाला साधारण एक घनफूट, म्हणजे सुमारे ६२ पौंड, पाण्याची वाफ लागते असा त्याचा अंदाज होता. पुढे इंजिने सुधारली आणि तेवढ्याच कामास कमी वाफ पुरू लागली. इ. स. १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात बॉयलरांच्या परीक्षकांनी एका घोड्यामागे तासाला ३० पौंड वाफ असे प्रमाण धरले. नंतर अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने तेच माप अधिक नेमके करून १०० अंश सेल्सिअसच्या पाण्याची १०० अंशांचीच ३४.५ पौंड वाफ, म्हणजे १५.६५ किलो, असे बांधले. इंजिने यानंतरही सुधारत राहिली, पण बॉयलरचा घोडा ३४.५ पौंडांवर स्थिरावला. इंजिनाशी असलेले त्याचे नाते तुटले आणि नाव तेवढे उरले. भाषेत असे पुष्कळदा होते: ज्या कारणाने शब्द निर्माण झाला ते कारण नाहीसे होते आणि शब्द नव्या अर्थाने जगत राहतो. भाषेच्या अभ्यासकास यात नवल नाही. नवल वाटावे ते एवढ्याचे की जुना अर्थही त्याच बाजारात, त्याच नावाने, शेजारी बसलेला आहे.

आकडे मांडले की अंतर दिसते. एक किलो पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि १०० अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० लागतात. तेव्हा बॉयलरचा एक घोडा म्हणजे तासाला सुमारे ८,४४० किलोकॅलरी. इंजिनाचा वा विजेच्या मोटारीचा एक घोडा म्हणजे ७४६ वॅट, अर्थात तासाला सुमारे ६४० किलोकॅलरी. भागाकार केला तर उत्तर तेरापेक्षा थोडे अधिक येते. जुन्या इंजिनात वाफेच्या उष्णतेचा फार तर तेरावा हिस्सा कामी लागे आणि बाकीची वाया जाई, हेच या आकड्यात गोठून राहिले आहे. शेतातील विहिरीवर पाच एच. पी.ची मोटार बसविणाऱ्यास घोडा म्हणजे काय हे पक्के माहीत असते, आणि त्या माहितीमुळेच बॉयलरच्या पाटीवरील घोडा त्यास फसवितो.

चौरस फुटाचे माप याच गोंधळातून बाहेर पडण्यासाठी आले. एका घोड्यामागे आगीने तापणारा दहा ते बारा चौरस फूट पृष्ठभाग असावा, असा कारागिरांचा नियम होता. पत्रा मोजता येतो आणि त्यात वाद कमी, म्हणून तपासणीच्या कायद्यानेही तोच आधार घेतला. आजही बाष्पकाची नोंदणी व तपासणीची फी त्याच्या तापणाऱ्या पृष्ठभागावरून, आता चौरस मीटरांत, ठरते. शासनास ते सोयीचे आहे. पण पृष्ठभाग तितकाच असून भट्टी, जळण आणि घडण बदलली की वाफेचे प्रमाण बदलते. तेव्हा घेणाऱ्यास केवळ चौरस मीटर सांगून भागत नाही.

वाफेने यंत्र चालविण्याचा काळ वऱ्हाडात केव्हाच सरला. तेलाची इंजिने आणि मग वीज यांनी जिनांतील दांडा फिरवावयास घेतला. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे व अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावरील 'शकुंतला' गाडीला १९२१ साली मँचेस्टरात बांधलेले वाफेचे इंजिन ओढीत असे. ते १९९४ मध्ये बाजूस सारून तेथे डिझेल इंजिन जोडण्यात आले. अकोल्याजवळील पारसच्या औष्णिक केंद्रात वाफ आजही यंत्र फिरविते. परंतु तेथील बाष्पकाचे माप तासाला होणाऱ्या वाफेच्या टनांत आणि जनित्राचे माप मेगावॉटमध्ये सांगतात, म्हणजे दोन मापे दोन नावांनी राहतात. अन्यत्र बाष्पक उरले ते तापविण्याच्या कामासाठी, तेलाच्या कारखान्यांत, रुग्णालयांच्या धुलाईघरांत, मोठ्या स्वयंपाकघरांत. येथे दांडा नाही, इंजिन नाही, म्हणून घोड्यालाही काही काम नाही. तरी नाव चालूच आहे.

एक उदाहरण घेऊ. अमरावतीत दोनशे विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे असे समजा. माणशी २० लिटर ऊन पाणी, म्हणजे एकूण ४,००० लिटर. थंडीत टाकीतील पाणी २० अंशांवर आहे, ते ४५ अंशांवर न्यावयाचे. फरक २५ अंशांचा. उष्णता १,००,००० किलोकॅलरी. हे काम पहाटे दोन तासांत उरकावयाचे असेल तर तासाला ५०,००० किलोकॅलरी हव्यात. बॉयलरच्या घोड्यांत ते सुमारे सहा घोडे होतात. हाच हिशेब मोटारीच्या घोड्याने केला तर ७८ घोडे येतात, आणि त्या आकड्याचे बाष्पक मागविणारा गरजेच्या तेरा पट यंत्र दारात आणून ठेवतो. उलट दिशेची चूकही तितकीच शक्य आहे. पाटीवरील सहा घोडे मोटारीचे समजले तर त्यांची शक्ती साडेचार किलोवॅट दिसते, जी घरगुती गिझरांच्या एका जोडीइतकीच आहे. आणि पुरेसे असलेले यंत्र क्षुद्र म्हणून नाकारले जाते. खरे पाहता ते सुमारे ५९ किलोवॅटचे असते.

वाफेच्या वजनाने हिशेब केला तर तासाला ९३ किलो वाफ होते, आणि नळ, टाकी व भांडी तापण्यात जाणारी उष्णता धरून ११० च्या आसपास. येथे आणखी एक बारकावा आहे. बनविणाऱ्याच्या पाटीवर 'तासाला १०० किलो' असे असते ते पुष्कळदा १०० अंशांच्या पाण्याची वाफ धरून लिहिलेले असते. आपण बाष्पकात २० अंशांचे पाणी घातले तर प्रत्येक किलोमागे आणखी ८० किलोकॅलरी खर्च होतात व त्या शंभराचे ८७ होतात. वापरलेल्या वाफेचे गरम पाणी परत बाष्पकात आणले तर ही तूट बरीच भरून निघते.

मोठे यंत्र घेतल्याने बिघडते काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि 'पुढे-मागे उपयोगी पडेल' या आपल्या आवडत्या युक्तिवादाने त्याचे उत्तरही दिले जाते. मोठ्या बाष्पकाचे लोखंड व त्यातील पाणी रोज प्रथम तापवावे लागते. आंघोळी संपल्यावर ती उष्णता दिवसभर हवेत जाते. लाकडाची भट्टी हवी तेव्हा विझविता येत नाही, म्हणून वाफ सुरक्षा-झडपेतून सोडून द्यावी लागते, आणि तिच्याबरोबर जळणही. एक लाख किलोकॅलरींसाठी वाळक्या बाभळीचे लाकूड, त्यातील निम्मी उष्णता पाण्यास पोचते असे धरले तर, सुमारे ५५ ते ६० किलो लागेल. अवाढव्य बाष्पकात याच्या कितीतरी अधिक लागेल. पऱ्हाटी दाबून केलेले ठोकळे आता जळण म्हणून मिळतात, पण तेही फुकट येत नाहीत.

खरा उपाय वेळ वाढविण्यात आहे. तेच पाणी रात्री सहा तासांत तापवून वेष्टण घातलेल्या टाकीत साठविले तर तासाला सुमारे १६,७०० किलोकॅलरी पुरतात, म्हणजे दोनच घोडे. आणि येथे गृहिणीचे विसण पुन्हा उपयोगी पडते. पाणी ४५ अंशांवर साठविण्याऐवजी ६० अंशांवर साठविले तर २,५०० लिटरांची टाकी पुरे होते. नळाशी १,५०० लिटर थंड पाणी विसण म्हणून मिसळावयाचे. उष्णता तेवढीच, एक लाख. टाकी मात्र लहान. शिवाय कोमट पाणी दीर्घकाळ साठविले तर त्यात रोगजंतू वाढू शकतात, तो धोकाही ६० अंशांवर टळतो. अभियंत्यांच्या पुस्तकांत हा मिश्रणाचा हिशेब सूत्ररूपाने येतो. मराठीत तो एका शब्दात फार पूर्वीपासून होता; मात्र मागणीपत्रे लिहिणाऱ्यांना तो शब्द घरगुती वाटला असावा.

वऱ्हाडाच्या बाबतीत पाण्याच्या जातीचा विचार वेगळा करावा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वपरिचित आहे. तेथील विहिरींचे पाणी पिण्यास जसे नकोसे तसेच बाष्पकासही नकोसे. वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात. पाणी आटत जाते तसतसा त्यांचा थर पत्र्यावर व नळ्यांवर बसतो. ही खपली उष्णतेस अडविते. त्यामुळे पाणी सावकाश तापते, जळण वाढते, आणि पलीकडून आगीने पत्रा लाल होऊन फुगतो. खपली बसलेले बाष्पक कमी काम देते म्हणून त्याहून मोठे मागविणे हा रोगाऐवजी अंथरूण बदलण्याचा प्रकार आहे. पाणी आधी मृदू करून घेणे, ठराविक वेळी तळाचे क्षारयुक्त पाणी सोडून देणे आणि निवळलेली वाफ परत आणणे, हे आकारापूर्वीचे प्रश्न आहेत. पारिभाषिक कोशांनी या खपलीला कोणतेही संस्कृत नाव दिले तरी भट्टीवरचा माणूस तिला छिन्नीने खरवडतो तेव्हा ती खपलीच असते.

पत्रा फुगण्याचा शेवट काय होतो हे कायद्याच्या इतिहासावरून कळते. १८६३ मध्ये कलकत्त्यास बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनी आपापले निराळे कायदे केले. ते सर्व एक करणारा भारतीय बॉयलर अधिनियम १९२३ चा. त्याखालील सविस्तर नियमावली १९५० ची. २०२५ मध्ये संसदेने त्याची जागा घेणारा नवा अधिनियम संमत केला. १९२३ च्या कायद्याने पाच गॅलनांहून मोठ्या, दाबाखाली वाफ करणाऱ्या बंद भांड्यास बॉयलर ठरविले होते. २००७ च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलून २५ लिटरांहून लहान भांडी, चौरस सेंटिमीटरला एक किलोहून कमी दाबाची भांडी, आणि ज्यांत पाणी १०० अंशांच्या खालीच तापते अशी भांडी तिच्यातून वगळली.

ही शेवटची सूट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. वसतिगृहास पाणी हवे ते ६० अंशांचे. त्यासाठी वाफ करावयाची, तिला दाबात कोंडावयाचे, मग नळ्यांतून नेऊन पुन्हा तिचे पाणी करावयाचे आणि त्या उष्णतेने दुसरे पाणी तापवावयाचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? ज्या संस्थेस कपडे वाफेवर काढावयाचे आहेत, शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करावयाची आहेत, तिला वाफ लागेलच. तिने त्याच वाफेवर आंघोळीचे पाणीही तापवावे. परंतु जिला केवळ ऊन पाणी हवे आहे तिने वाफेच्या वाटेस जाण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही. उकळीच्या खाली पाणी तापविणाऱ्या यंत्रात दाबाचा धोका अल्प, आणि वाफ उडून जात नसल्याने खारपाणपट्ट्यातील क्षारही त्यात इतक्या वेगाने साचत नाहीत. झडप, पाण्याची पातळी व खपली यांवर लक्ष मात्र तेथेही ठेवलेच पाहिजे.

अशा यंत्रास विक्रेते 'हॉट वॉटर बॉयलर' म्हणतात, म्हणजे ज्यात पाणी उकळत नाही त्यास 'उकळणारे'. मराठी भाषांतरात त्याचे 'उष्णजल बाष्पक' झाले तर वाफेचा मागमूस नसलेल्या भांड्याच्या नावात बाष्प येऊन बसेल आणि तपासनिसापासून खरेदी-समितीपर्यंत सर्वांस नवा संभ्रम होईल. पोटात आग धरून पाणी तापविणाऱ्या भांड्याचे नाव मराठीत आधीच आहे. चार हजार लिटरांच्या यंत्रास 'बंब' म्हणताना कोणास संकोच वाटत असेल तर त्यापुढे हवे ते विशेषण जोडावे. आणि मागणीपत्रात घोडे न लिहिता पाणी किती लिटर, किती अंशांवरून किती अंशांवर, किती तासांत आणि कोणत्या विहिरीचे, एवढे लिहावे.